कान घडवणारी कार्यशाळा: तरुण लेखकांसाठीच्या एका संवादलेखन-वर्गाबद्दल

गेले आठ आठवडे माझी सोळा वर्षांची भाची एका ऑनलाइन कार्यशाळेत कथेतले संवाद लिहायला शिकत होती. ही कार्यशाळा 13 ते 18 या वयोगटासाठी असल्यामुळे घरातल्या एका मोठ्या माणसाने सोबत बसायला हरकत नव्हती, म्हणून मीही प्रत्येक सत्राला तिच्या शेजारी वही घेऊन बसत होते. कुमारवयीन मुलांनी लिहिलेल्या कथा वाचणे आणि संपादित करणे हे माझे अनेक वर्षांचे काम आहे, आणि या कथा बहुतेक वेळा संवादांपाशीच अडखळतात हे मी पुन्हा पुन्हा पाहिलेले आहे, त्यामुळे या विषयाला कोणीतरी आठ आठवडे द्यायला निघाले आहे याचाच मला आनंद झाला होता. बारा मुलांची तुकडी, दर आठवड्याला दीड तासाचे एक थेट सत्र, त्याआधी पाहायचा एक ध्वनिचित्रमुद्रित धडा, एक स्वाध्याय आणि शेवटी प्रत्येकाची एक पूर्ण कथा, असे तिचे स्वरूप होते.

माझे मत सुरुवातीलाच सांगते. मुलांचा कान तयार करण्याच्या बाबतीत या कार्यशाळेइतके चांगले काम मी दुसरीकडे पाहिलेले नाही. मात्र ऐकलेले बोलणे मराठीत कागदावर उतरवायची वेळ येते तेव्हा ती अर्ध्या वाटेवर थांबते, कारण तिचा आराखडा दुसऱ्या कुठल्यातरी भाषेत तयार झालेला आहे आणि तो मराठीत आणताना फक्त शब्द बदललेले आहेत. तरीही भाचीला तिथे पाठवल्याचा मला पश्चात्ताप नाही.

तरुण लेखकांच्या संवादांत नेमके काय बिघडते, हे आधी सांगायला हवे. पहिली चूक म्हणजे वाचकाला द्यायची माहिती पात्राच्या तोंडी घालणे. “दादा, आपल्या बाबांची बदली होऊन आता तीन वर्षं झाली आणि तेव्हापासून आई फार कमी बोलते,” असे वाक्य एक बहीण भावाला सांगते, आणि हे दोघे त्याच घरात राहतात! जे दोघांनाही ठाऊक आहे ते कोणी कोणाला सांगत नाही. दुसरी चूक म्हणजे निबंधाची भाषा. वर्षानुवर्षे पूर्ण वाक्यात उत्तर लिहिण्याची सवय लागलेल्या मुलांची पात्रेही पूर्ण वाक्यात उत्तरे देतात, “तुला हे पुस्तक आवडले का?” या प्रश्नावर “होय, मला हे पुस्तक आवडले,” असे म्हणतात, आणि वाचणाऱ्याला लगेच प्रश्नपत्रिकेचा वास येतो. तिसरी चूक यांच्यापेक्षा खोल आहे: पात्रांच्या मनात जे असते तेच ती बोलून दाखवतात, त्यामुळे वाचकाला ओळखायला काहीच उरत नाही.

कार्यशाळेची सुरुवात पहिल्या दोन चुकांपासून झाली आणि ती फार योग्य पद्धतीने झाली. पहिल्या आठवड्याचा स्वाध्याय असा होता की घरातल्या माणसांची आधी परवानगी घ्यायची, त्यांचे दहा मिनिटांचे साधे बोलणे फोनवर ध्वनिमुद्रित करायचे, आणि मग एकही शब्द न गाळता, एकही वाक्य न सुधारता ते हाताने लिहून काढायचे. परवानगीचा आग्रह मला विशेष आवडला. मार्गदर्शकांनी त्यावर पहिली पंधरा मिनिटे खर्च केली, ज्याला नको असेल त्याचे बोलणे पुसून टाकायला सांगितले, आणि मुद्रण कोणालाही पाठवायचे नाही अशी अट घातली. दुसऱ्याचे बोलणे ही त्याची वस्तू आहे, हे लिहिणाऱ्याला जितक्या लवकर कळेल तितके बरे.

त्या दहा मिनिटांना भाचीला सव्वादोन तास लागले आणि वहीची अकरा पाने भरली. त्यातला एक तुकडा इथे देते, कारण तो मी अजून विसरलेले नाही:

“अगं ते, ते हे कुठे ठेवलंस, चार्जर.”
“कुठला?”
“नाही म्हणजे, तुझा नको, माझा, तो काळा...”
“तिकडेच असेल ना.”
“तिकडे म्हणजे?”
“बघितलंस का आधी?”

इथे एकही विधान धड पूर्ण होत नाही, शेवटच्या प्रश्नाला उत्तर म्हणून दुसरा प्रश्न येतो, कोणी कोणाचे नाव घेत नाही, आणि “ना”, “म्हणजे”, “अगं” हे छोटे शब्द नात्याचा सगळा भार उचलतात. चार्जर शोधणाऱ्या माणसाची घाई आणि उत्तर देणाऱ्याचा किंचित वैताग या दोन्ही गोष्टी कोणीही बोलून न दाखवता स्पष्ट होतात. मुलांनी आपापली पाने वाचून दाखवली तेव्हा बारा घरांतले बारा आवाज ऐकू आले, आणि त्यानंतरच्या लेखनात “होय, मला हे पुस्तक आवडले” अशा धाटणीचे वाक्य निदान आमच्या भाचीच्या वहीत तरी पुन्हा दिसले नाही. नियम सांगून हे झाले नसते.

मात्र इथेच पहिली उणीव समोर आली. दुसऱ्या सत्राने मुलांना सांगितले की आता हेच कान वापरून एक प्रसंग लिहा. ऐकलेल्यातले काय ठेवायचे आणि काय टाकायचे, याबद्दल जेमतेम दहा मिनिटे मिळाली. परिणाम व्हायचा तोच झाला. भाचीने लिहिलेल्या प्रसंगात दर दुसऱ्या ओळीत “अं”, “म्हणजे”, “ते हे” आले आणि दोन पानांत काहीच घडले नाही. मी वाचत असताना तिने विचारले, “मावशी, खरं लिहायचं म्हणजे असंच ना? लोक असंच बोलतात.” मी म्हटले, “लोक असं बोलतात, पण आपण ते ऐकताना निम्मं वगळतो. तू वगळून उरलेलं लिही.” तिला ते लगेच पटले नाही. मग आम्ही तिची अकरा पाने घेतली, पेन्सिलने खोडत खोडत त्यातल्या फक्त आठ ओळी ठेवल्या, आणि त्या आठ ओळींत एकच “म्हणजे” राहू दिले. ते नेमक्या ठिकाणी होते: जिथे बोलणाऱ्याला खरे सांगायचे नव्हते, तिथे. अडखळणे सगळीकडे आले की तो नुसता गोंगाट होतो, पण एकाच जागी आले की वाचक तिथे थांबतो. कार्यशाळेने या छाटणीला एक पूर्ण सत्र द्यायला हवे होते, कारण मुद्रणाचा सुंदर स्वाध्याय हिच्याशिवाय मुलांना भलत्याच वाटेला लावू शकतो.

तिसरे सत्र माझ्या मते या सगळ्यातले सर्वांत समृद्ध सत्र होते. विषय होता बोलण्यातली पाळी आणि थांबा. संभाषणात एकाचे बोलणे संपून दुसऱ्याचे कसे सुरू होते याचा काटेकोर अभ्यास हार्वी सॅक्स, इमॅन्युएल शेग्लॉफ आणि गेल जेफरसन या तीन अभ्यासकांनी केला आणि 1974 साली त्यावरचा त्यांचा प्रसिद्ध निबंध आला. जेफरसन यांनी बोलणे कागदावर उतरवण्याची चिन्हेही घडवली: दोघे एकाच वेळी बोलले तर चौकटी कंस, एकाचे संपताक्षणी दुसऱ्याने सुरू केले तर बरोबरीचे चिन्ह, आणि मधला थांबा सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत मोजलेला. मार्गदर्शकांनी ही चिन्हे मुलांना त्यांच्याच मुद्रणांवर वापरायला लावली. पुढे 2009 साली दहा भाषांच्या तुलनेचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंतचे अंतर सरासरी सुमारे 200 मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग, इतकेच आढळले, आणि होकार बहुधा नकारापेक्षा लवकर येतो असेही दिसले.

ही माहिती कथा लिहिणाऱ्या मुलाच्या काय कामाची, असे कोणाला वाटेल. त्याचे उत्तर सत्रातच मिळाले. ज्याअर्थी उत्तर इतक्या झटकन येते, त्याअर्थी ते उशिरा आले की ऐकणाऱ्याला शब्द कानी पडण्याआधीच नकाराची चाहूल लागते, आणि कथेत हा उशीर दाखवणे लेखकाच्या हातात असते. “तो थोडा वेळ गप्प राहिला” असे लिहून भागते, पण त्यापेक्षा “त्याने पाण्याची बाटली उघडली, झाकण पुन्हा लावले” असे लिहिले तर वाचक तो वेळ स्वतः मोजतो. मग मुलांना एक प्रश्न दिला गेला, “उद्या येशील ना?” आणि “येईन” हे एकच उत्तर तीन प्रकारे लिहायला सांगितले: ताबडतोब आलेले, उशिरा आलेले, आणि प्रश्न संपायच्या आत आलेले. एका मुलाने तिसरा प्रकार असा लिहिला:

“उद्या ये...”
“येईन, येईन.”

दोनदा आलेल्या “येईन”मधला खोटेपणा सगळ्या वर्गाला ऐकू आला.

चौथ्या सत्राने तिसऱ्या, खोल चुकीला हात घातला. पॉल ग्राइस या तत्त्वज्ञाने 1975 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या विवेचनात मांडले की बोलणारी माणसे एकमेकांना सहकार्य करतात असे आपण गृहीत धरतो: पुरेसे सांगणे, खरे सांगणे, विषयाला धरून सांगणे, स्पष्ट सांगणे. यातले काही मोडले गेले की ऐकणारा त्यामागचे कारण शोधू लागतो. “ती आली होती का?” या प्रश्नावर कोणी “काल पाऊस फार होता” असे म्हटले, तर उत्तर मिळालेले असते, आणि ते टाळलेही गेलेले असते. हे समजावून सांगितल्यावर जो स्वाध्याय दिला गेला त्याला त्यांनी “न बोललेली ओळ” असे साधे नाव दिले होते. प्रसंग लिहायचा, प्रत्येक संवादाखाली कंसात ते पात्र खरोखर काय म्हणू पाहत होते ते लिहायचे, आणि शेवटी सगळे कंस पुसून टाकायचे. कंस पुसल्यावरही ते कळत असेल, तर प्रसंग जमला.

भाचीच्या प्रसंगात भावाची शाळेच्या संघात निवड झालेली नाही आणि बहिणीला ते दुसऱ्याकडून समजले आहे. तिचा पहिला खर्डा असा होता:

“दादा, तुझी संघात निवड झाली नाही हे ऐकून मला फार वाईट वाटलं.”
“हो, मला खूप दुःख झालं आहे, कारण मी वर्षभर सराव केला होता.”

कंस लिहायला घेतल्यावर तिच्या लक्षात आले की कंसात लिहायला काही उरलेलेच नाही, सगळे ओळींतच सांगून झालेले आहे. तिने तो कागद बाजूला ठेवला, दोन दिवस काहीच लिहिले नाही, आणि मग हे लिहिले:

“बूट धुवायला टाकू तुझे?”
“असू देत.”
“माती लागलीय सगळी.”
“असू दे म्हटलं ना. आता घाई नाहीये त्यांची.”
“बरं.”
तिने बूट उचलले आणि धुवायला नेले.

या सहा ओळींत निवड, संघ, दुःख यांपैकी एकही शब्द नाही. बहीण जे विचारते आहे ते बुटांबद्दल नाही, भाऊ जे नाकारतो आहे ते धुणेही नाही, आणि “घाई नाहीये” या दोन शब्दांत वर्षभराचा सराव मावलेला आहे. शेवटच्या ओळीत ती त्याचे म्हणणे ऐकत नाही, आणि तेवढ्यावरून तिला सगळे ठाऊक आहे हे आपल्याला समजते. मी हे वाचले तेव्हा माझे डोळे भरून आले, ही गोष्ट मोकळेपणाने सांगते. या एका स्वाध्यायासाठी मी कार्यशाळेची बाकी सगळी उणीव पोटात घालायला तयार आहे.

पण उणीव सांगायला हवी, आणि ती पाचव्या सत्रात आहे. विषय होता कोण बोलते आहे हे वाचकाला कसे कळवायचे आणि विरामचिन्हे कशी द्यायची. मुलांना एक छापील पत्रक मिळाले. त्यात लिहिले होते की “म्हणाला” आणि “म्हणाली” याखेरीज दुसरे क्रियापद वापरू नये, दर तीन-चार ओळींनी बोलणाऱ्याचे नाव यावे, आणि स्वल्पविराम कायम अवतरणचिन्हाच्या आत असावा. “गरजला”, “उद्गारला”, “खेकसली” यांची रांग लावू नये हा सल्ला योग्यच आहे, मीही मुलांना तोच देते. मात्र नाव दर चार ओळींनी यायला हवे हा नियम त्या भाषेसाठी आहे जिथे क्रियापद बोलणाऱ्याबद्दल काहीच सांगत नाही. मराठीत “मी येते” म्हटले की बोलणारी बाई किंवा मुलगी आहे हे कळते, “कधी आलास?” म्हटले की ऐकणारा पुरुष आहे आणि दोघांत एकेरीची जवळीक आहे हेही कळते. एका भाऊ-बहिणीच्या संवादात पानभर एकही नाव न घालता वाचक चुकत नाही. उलट “मी सांगितलं”, “मी पाहिलं” अशा भूतकाळी वाक्यांत क्रियापद बोलणाऱ्याप्रमाणे बदलत नाही, तिथे मात्र वाचक अडू शकतो आणि तिथेच “म्हणाली”ची गरज पडते. ही जाण मुलांना दिली असती तर नियमाची गरजच उरली नसती.

याहून मोठी गोष्ट म्हणजे तू, तुम्ही आणि आपण यांवर आठ आठवड्यांत एकही धडा नव्हता. मराठी संवादाचे हे सर्वांत धारदार अवजार आहे, असे माझे ठाम मत आहे. भांडण झाल्यावर एक मैत्रीण दुसरीला अचानक “तुम्ही ठरवा, मला काय” असे म्हणते तेव्हा त्या “तुम्ही”ने दार लागल्याचा आवाज होतो. “आपण” आणि “आम्ही” यांतला फरक तर कित्येक भाषांना उपलब्धच नाही. सत्र संपल्यावर मी भाचीला दोनच ओळी लिहून दाखवल्या:

“आपण कधी जायचं?”
“आम्ही रविवारी जातोय.”

विचारणारी त्या गटाबाहेर गेली आहे, हे तिला “आम्ही” या एका शब्दातून कळते, आणि वाचकालाही त्याच क्षणी कळते. भाचीने ते वाचून वही जवळ ओढली आणि त्याच दोन ओळींपासून पुढची गोष्ट सुरू केली. तिची शेवटची कथा यातूनच झाली. तसेच “म्हणे”चे. “तो येणार नाही म्हणे” या वाक्यात बातमी आहे, ती दुसऱ्याकडून आलेली आहे, आणि बोलणारा तिची जबाबदारी घेत नाही, इतके सगळे एका शब्दात येते. मुले बोलताना हे दिवसभर वापरतात, पण लिहिताना त्यांना ते सुचत नाही, कारण कोणी त्याकडे बोट दाखवलेले नसते.

विरामचिन्हांबद्दल मी फार लिहिणार नाही. मराठीत ती एकोणिसाव्या शतकात रुजली, त्याचे श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिले जाते, आणि त्याआधीचे मराठी गद्य त्यांच्याशिवायच लिहिले जात होते. म्हणून स्वल्पविराम चिन्हाच्या आत की बाहेर यावर मुलांचे गुण कापण्यापेक्षा जी पद्धत घेतली ती कथाभर सांभाळायला सांगणे पुरेसे होते.

ज्या गोष्टीबद्दल मला मनापासून तक्रार आहे ती सहाव्या आठवड्यातली. भाचीने पाठवलेला प्रसंग तपासून परत आला तेव्हा त्यातले प्रत्येक “केलं” खोडून “केले”, प्रत्येक “सांगितलं” खोडून “सांगितले” असे केलेले होते, अगदी संवादांच्या आतसुद्धा, आणि शेवटी “शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावे” असा शेरा होता. बूट धुणारी ती बहीण आता “असू दे म्हटले ना” असे उत्तर ऐकत होती! मराठी साहित्य महामंडळाने केलेले आणि शासनाने स्वीकारलेले शुद्धलेखनाचे नियम 1962 साली 14 होते आणि 1972 साली त्यांत 4 नियमांची भर पडली. या 18 नियमांतच अशी मुभा दिलेली आहे की पात्राच्या तोंडचे बोलणे त्याच्या उच्चाराप्रमाणे लिहिता येते. म्हणजे कथनात “केले” आणि संवादात “केलं” असे लिहिणारी मुलगी नियम पाळतच होती. मी हे संयोजकांना सविस्तर कळवले. तीन दिवसांनी उत्तर आले, तपासणाऱ्या व्यक्तीकडून चूक झाल्याचे त्यांनी मान्य केले आणि प्रसंग पुन्हा तपासून दिला. त्यांच्या या प्रामाणिकपणाची नोंद मी आवर्जून करते. तरी उरलेल्या अकरा मुलांच्या कागदांवर काय झाले असेल, या विचाराने मी अस्वस्थ आहे. बोलीभाषा घरात बोलणाऱ्या मुलाच्या कागदावर अशी लाल शाई फिरली, तर तो पुढच्या वेळी आपल्या आजीला पाठ्यपुस्तकासारखे बोलायला लावेल आणि आपली चूक सुधारली असे समजेल.

सहाव्याच सत्रात तरुणांच्या मिश्र भाषेचा विषय होता आणि तो थोडक्यात पण नीट हाताळला गेला. “यार”, “चिल”, “सीन काय आहे” असे शब्द पात्राला वय देतात, पण ते फार लवकर जुने होतात, म्हणून एका पात्राला त्यातला एखादाच शब्द द्यावा आणि तो त्याचाच राहू द्यावा, हे मुलांना पटले. मी यात एवढीच भर घालेन की शब्दापेक्षा वाक्याची लय जास्त टिकते. प्रत्येक वाक्य “तसं नाही, पण” असे सुरू करणारा मुलगा दहा वर्षांनीही ओळखू येईल.

सातवे सत्र वाचनाचे होते. कॅमेरे बंद करून प्रत्येक मुलाचा प्रसंग दुसरीच दोन मुले मोठ्याने वाचत, पात्रांची नावे आणि “म्हणाला-म्हणाली” गाळून, आणि ऐकणाऱ्यांनी कोणती ओळ कोणाची हे सांगायचे. भाचीच्या प्रसंगाच्या वेळी वर्ग तीनदा चुकला. कारण शोधले तेव्हा दिसले की तिची दोन्ही पात्रे वाक्य “खरं तर”ने सुरू करतात, आणि “खरं तर” ही मुळात भाचीची स्वतःची लकब आहे. ती घरभर दोन दिवस “खरं तर” म्हणताना स्वतःलाच पकडत होती. आपला आवाज पात्रांच्या तोंडी कसा झिरपतो हे इतक्या नेमकेपणाने कोणत्याही लेखी शेऱ्याने कळले नसते. दीड तासात बारापैकी आठच प्रसंग वाचून झाले आणि चार मुलांची पाळी आली नाही, ही मात्र चुकीची गोष्ट झाली. या सत्रासाठी तुकडीचे दोन भाग करायला हवे होते.

शेवटच्या कथांवर मिळालेले अभिप्राय असमान होते. भाचीला पाऊण पानाचा, ओळीओळीवर बोट ठेवणारा अभिप्राय मिळाला, तर तिच्या एका सहाध्यायिनीला चार वाक्ये मिळाली आणि त्यातली तीन कोणत्याही कथेला लागू पडली असती. तंत्राच्या बाजूने अडचण आली नाही. सत्रांची मुद्रणे महिनाभर उपलब्ध राहिली आणि तिसऱ्या सत्राचे मुद्रण आम्ही दोघींनी दोनदा पाहिले.

चौदा वर्षांवरच्या आणि आधी निदान दोन-तीन कथा स्वतःहून लिहून पाहिलेल्या मुलांसाठी मी या कार्यशाळेची शिफारस करते. त्याहून लहान मुलांना तिसरे आणि चौथे सत्र जड जाईल, आणि ज्याने अजून एकही कथा पूर्ण केलेली नाही त्याला मुद्रणाच्या अकरा पानांत हरवल्यासारखे वाटेल. नाव नोंदवण्याआधी पालकांनी संयोजकांना दोन प्रश्न जरूर विचारावेत: पात्रांच्या तोंडची बोली कोण तपासणार आहे आणि त्यांना शुद्धलेखनाचा तो नियम ठाऊक आहे का, आणि वाचनाच्या सत्रात प्रत्येक मुलाची पाळी येणार आहे का. पुढच्या तुकडीत तू-तुम्ही-आपण यांवर एक सत्र घालण्याचा विचार आहे, असे मला पाठवलेल्या उत्तरात त्यांनी लिहिले आहे. ते सत्र खरोखर सुरू झाले तर भाची तेवढ्यासाठी पुन्हा बसायला तयार आहे, आणि मीही माझी वही घेऊन तिच्या शेजारी बसेन.